कार्बनला कुठे धक्का लावायचा?

मोबाइलच्या बॅटरीला आपण लिथियमची बॅटरी म्हणतो. पण वजन करून पाहिले तर तिच्यात लिथियमपेक्षा कार्बन कितीतरी अधिक निघतो. विजेवरच्या मोटारीत तर लिथियम काही किलो आणि ग्रॅफाइट त्याच्या कित्येक पट. चार्जिंग करताना लिथियमचे आयन येऊन थांबतात ते या ग्रॅफाइटच्या थरांमध्ये, आणि बॅटरी वापरताना तिथूनच बाहेर पडतात. बॅटरीत किती वीज मावेल, ती किती लवकर भरेल आणि किती वर्षे चालेल, यांतले बरेचसे या काळ्या भुकटीवर ठरते. म्हणून गेली तीन-चार दशके रसायनशास्त्रज्ञ तिच्या मागे हात धुऊन लागले आहेत. कोणी तिच्यात ऑक्सिजन घालतो, कोणी नायट्रोजन. कोणी तिचे थर सुटे करतो, तर कोणी कार्बनच्या सूक्ष्म नळ्यांना नवे रेणू जोडतो.

या उद्योगाचा एक जुना आणि एक नवा अड्डा लंडनच्या कॅमडेन बरोमध्ये आहे. मराठी माणसाला कॅमडेन ठाऊक असते ते बहुधा १०, किंग हेन्रीज रोड या पत्त्यामुळे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये तिथे राहत होते आणि २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते घर विकत घेतले. याच बरोच्या दक्षिण भागात ब्लूम्सबरी आहे. ब्रिटिश म्युझियम, बर्कबेक कॉलेज, युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन ही सारी तिथे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. बर्कबेकच्या टॉरिंग्टन स्क्वेअरमधल्या जुन्या घरांत १९५३ ते १९५८ या काळात कोळशाच्या अभ्यासक रोझलिंड फ्रँकलिन काम करत होत्या. तिथून काही मिनिटांवर, गॉर्डन स्ट्रीट आणि गॉवर स्ट्रीटच्या परिसरात, युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी अलीकडच्या काळात कार्बनच्या नॅनोनळ्यांवर विद्युतभार चढवून त्या विरघळवण्याची रीत घडवली.

ही दोन कामे एकमेकांशेजारी ठेवली की एक गोष्ट स्पष्ट होते. कार्बनमध्ये रासायनिक बदल करायचा म्हणजे नुसते त्याला काहीतरी जोडायचे असे नसते. ते कुठे, केव्हा आणि किती जोडले यावर सगळे अवलंबून असते. नळीच्या भिंतीवर भलत्या जागी बसलेला ऑक्सिजन तिची वाहकता मोडतो. तोच ऑक्सिजन कच्च्या मालात, भट्टी पेटण्याआधी असला, तर सोडियमच्या बॅटरीला लागणारा कार्बन तयार होतो.

थरांमधली जागा

ग्रॅफाइटची रचना १९२४ मध्ये जे. डी. बर्नाल यांनी क्ष-किरणांच्या मदतीने निश्चित केली. हेच बर्नाल पुढे बर्कबेकमध्ये भौतिकीचे प्राध्यापक झाले आणि फ्रँकलिन यांना तिथे त्यांनीच जागा दिली. ग्रॅफाइटमध्ये कार्बनचे अणू षट्कोनी जाळीत सपाट बसलेले असतात आणि अशा जाळ्या एकीवर एक रचलेल्या असतात. जाळीतल्या जाळीत अणूंचे बंध अतिशय बळकट. मात्र दोन जाळ्यांना एकत्र धरणारे आकर्षण क्षीण असते आणि त्यांच्यात ०.३३५ नॅनोमीटर अंतर असते. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.

या फटीत दुसरे अणू शिरू शकतात, हे बॅटरीच्या कितीतरी आधीपासून माहीत होते. गंधकाम्ल ग्रॅफाइटच्या थरांत घुसते असे १८४१ मध्येच दिसले होते. १९२६ मध्ये जर्मनीत पोटॅशियमची वाफ ग्रॅफाइटमध्ये शिरवून आठ कार्बनमागे एक पोटॅशियम असे कांस्यवर्णी संयुग बनवले गेले. लिथियम सहा कार्बनमागे एक या प्रमाणात मावते. त्या हिशेबाने एक ग्रॅम ग्रॅफाइटची कमाल क्षमता ३७२ मिलिअँपिअर-तास येते. लिथियम आत आले की थर जरासे फाकतात, आकारमान दहा टक्क्यांच्या आसपास वाढते आणि काळा ग्रॅफाइट पूर्ण भरल्यावर चक्क सोनेरी दिसू लागतो. अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये बनवलेल्या बॅटरीत ॲनोड म्हणून, म्हणजे ऋण टोकाला, पेट्रोलियम कोक होता. १९९१ मध्ये सोनीने अशी बॅटरी बाजारात आणली आणि शुद्ध ग्रॅफाइटचे दिवस त्यानंतर आले. योशिनो यांना जॉन गुडइनफ आणि स्टॅनली व्हिटिंगहॅम यांच्यासह २०१९ चे नोबेल मिळाले.

आता एक कोडे. लिथियम लहान, ते सहज आत जाते. पोटॅशियम बरेच मोठे, तेही जाते. या दोहोंच्या मधला सोडियम मात्र ग्रॅफाइटमध्ये जवळजवळ जातच नाही. आकार हे कारण असते तर पोटॅशियमही बाहेरच राहिला असता. खरा प्रश्न ऊर्जेचा आहे. धातूच्या गोळ्यातून अणू सुटा करायला लागणारी ऊर्जा, त्याचा इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा आणि ग्रॅफाइटशी जुळल्यावर मिळणारी ऊर्जा यांचा जमाखर्च मांडला, तर सोडियमचा हिशेब तोट्यात जातो. अल्कली धातूंमध्ये ग्रॅफाइटशी सर्वांत दुबळे नाते सोडियमचेच आहे. समुद्राच्या मिठात अमाप मिळणारा, स्वस्त असा हा धातू बॅटरीत आणायचा, तर ग्रॅफाइट सोडून दुसरा कार्बन शोधणे भाग होते.

जो कार्बन ग्रॅफाइट होत नाही

तो कार्बन शोधून काढला होता फ्रँकलिन यांनी, आणि तेव्हा बॅटरीचा विचारही कोणाच्या मनात नव्हता. त्यांचे नाव निघाले की डीएनएचे क्ष-किरण छायाचित्र आठवते. पण त्यांची पहिली ओळख कोळशाची अभ्यासक ही. १९४२ पासून त्या ब्रिटनच्या कोळसा-उपयोग संशोधन संस्थेत दगडी कोळशातल्या सूक्ष्म छिद्रांचा अभ्यास करत होत्या आणि १९४५ मध्ये त्याच विषयावर केंब्रिजची डॉक्टरेट त्यांना मिळाली. १९४७ ते १९५० पॅरिसमध्ये त्या जाक मेरिंग यांच्याकडे क्ष-किरण विवर्तन शिकल्या आणि तिथे त्यांनी वेगवेगळ्या पदार्थांपासून बनवलेला कोळसा १००० ते ३००० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून त्यात काय बदल होतात ते पाहिले.

तोपर्यंत समज असा, की कोणताही कार्बन पुरेसा तापवला की त्याचे ग्रॅफाइट होणारच. फ्रँकलिन यांच्या विवर्तनचित्रांत कोळशाचे दोन सरळ तट पडले. पीव्हीसीपासून मिळालेला कोळसा तापवत नेला की त्याचे थर एकमेकांना समांतर होत जातात आणि शेवटी ग्रॅफाइट मिळते. पीव्हीसीचाच सख्खा भाऊ असलेल्या पॉलिव्हिनिलिडीन क्लोराइडचा कोळसा मात्र ३००० अंशांनाही बधत नाही. दोन प्लास्टिकांत फरक एवढाच, की दुसऱ्याच्या साखळीत क्लोरीन दुप्पट आणि हायड्रोजन कमी. तापवल्यावर त्यातला हायड्रोजन जवळजवळ सगळाच क्लोरीनबरोबर निघून जातो. पीव्हीसीत हायड्रोजन मागे उरतो, पदार्थ मध्येच डांबरासारखा मऊ होतो आणि त्या मऊ अवस्थेत थरांना रांगेत यायला सवड मिळते. दुसऱ्या प्लास्टिकाला ही सवड मिळतच नाही. त्याचे चिमुकले थर आडव्या-तिडव्या बंधांनी एकमेकांना घट्ट जखडले जातात आणि मग कितीही उष्णता दिली तरी हलत नाहीत.

हे काम १९५१ मध्ये रॉयल सोसायटीच्या प्रोसीडिंग्जमध्ये प्रसिद्ध झाले. ग्रॅफाइट होणारा आणि ग्रॅफाइट न होणारा कार्बन हे दोन वर्ग तेव्हापासून रूढ झाले. आजच्या कारखान्यांत त्यांनाच सॉफ्ट कार्बन आणि हार्ड कार्बन म्हणतात. फ्रँकलिन यांनी त्यात एक सूत्रही सांगितले होते. ज्या कच्च्या मालात हायड्रोजन थोडा किंवा ऑक्सिजन जास्त, त्याचा कोळसा सहसा ग्रॅफाइट होत नाही. साखरेचा कोळसा याच दुसऱ्या वर्गातला.

बर्कबेकमध्ये आल्यावर त्यांचे मुख्य काम विषाणूंवर होते, पण कार्बन सुटला नव्हता. १९५३ मध्ये एका फ्रेंच नियतकालिकात त्यांनी ग्रॅफिटिक आम्लाच्या रचनेत पाण्याचे काय काम असते यावर लिहिले, आणि १९५६ मध्ये ग्रॅफाइट बनण्याच्या दोन रीतींवर त्यांचा लेख नेचरमध्ये आला. हे ग्रॅफिटिक आम्ल म्हणजेच आजचे ग्रॅफाइट ऑक्साइड. १८५९ मध्ये बेंजामिन ब्रॉडी यांनी ते प्रथम बनवले होते. तीव्र ऑक्सिडीकरणाने ग्रॅफाइटच्या थरांवर ऑक्सिजनचे गट बसतात, थरांमधले अंतर जवळजवळ दुप्पट होते आणि पाणी शिरले की आणखी वाढते. आज ग्राफीन, म्हणजे ग्रॅफाइटचा एकेरी सुटा थर, म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच मालाचा जन्म याच तपकिरी पदार्थातून होतो.

पत्त्यांचा बंगला

हार्ड कार्बन आणि सोडियम यांची गाठ पडायला २००० साल उजाडावे लागले. कॅनडात डी. ए. स्टीव्हन्स आणि जेफ डान यांनी ग्लुकोज जाळून मिळवलेल्या हार्ड कार्बनमध्ये सोडियम भरून दाखवला. ग्रॅममागे सुमारे ३०० मिलिअँपिअर-तास एवढी क्षमता मिळाली, म्हणजे ग्रॅफाइटमधल्या लिथियमच्या फारशी मागे नाही. या कार्बनच्या रचनेला डान यांच्या गटाने पत्त्यांच्या बंगल्याची उपमा दिली आणि ती आजही वापरात आहे. पत्ते म्हणजे षट्कोनी जाळीचे छोटे तुकडे. काही पत्ते दोन-दोन, तीन-तीन असे समांतर उभे, पण त्यांच्यातले अंतर ग्रॅफाइटपेक्षा जास्त, ०.३७ ते ०.४० नॅनोमीटर. बाकीचे वेडेवाकडे टेकलेले, आणि त्यांच्यामध्ये बंद पोकळ्या. सोडियम नेमका कोणत्या टप्प्यावर थरांत बसतो आणि कोणत्या टप्प्यावर पोकळ्या भरतो, यावर अजून वाद चालू आहे. या अव्यवस्थेमुळेच त्याला जागा मिळते, यावर मात्र दुमत नाही.

इथे ऑक्सिजनचा उपयोग बघण्यासारखा आहे. डांबरी पिच हा सॉफ्ट कार्बन देणारा स्वस्त माल. तो तसाच भट्टीत घातला तर वितळतो, थर रांगेत येतात आणि सोडियमच्या दृष्टीने तो वाया जातो. पण तोच आधी हवेत तीनशे अंशांच्या आसपास तापवला, तर त्याच्या रेणूंमध्ये ऑक्सिजनचे पूल बांधले जातात. मग तो वितळत नाही आणि पुढच्या भट्टीत त्याचा हार्ड कार्बन होतो. शेवटच्या तापमानाला तो ऑक्सिजन बहुतेक उडून गेलेला असतो, पण त्याने लावून दिलेली अव्यवस्था मागे राहते. फ्रँकलिन यांचे सूत्र इथे उत्पादनाची पायरी होऊन बसले आहे.

नळ्यांचा गुंता

आता गॉर्डन स्ट्रीटकडे वळू. बॅटरीत कार्बनचे दुसरेही एक काम असते, वीज वाहून नेण्याचे. धन टोकाची भुकटी, म्हणजे कॅथोड, स्वतः वीज फारशी वाहत नाही. म्हणून तिच्यात कार्बन ब्लॅक नावाची काजळी काही टक्के मिसळतात. काजळीचे कण गोल असल्यामुळे एकाला एक लागून सलग वाट व्हायला बरेच कण लागतात. १९९१ मध्ये सुमिओ इजिमा यांच्या शोधनिबंधानंतर प्रसिद्धीला आलेल्या कार्बन नॅनोनळ्या लांब आणि बारीक असतात, त्यामुळे एखादा टक्का किंवा त्याहूनही कमी माल पुरतो. वाचलेल्या जागेत वीज साठवणारी भुकटी जास्त भरता येते. सिलिकॉनच्या ॲनोडमध्ये तर नळ्यांची गरज आणखी निकडीची. सिलिकॉन ग्रॅफाइटच्या सुमारे दहापट लिथियम घेतो, पण भरताना फुगून तिप्पट-चौपट होतो आणि रिकामा होताना आक्रसतो. त्यात कण फुटतात आणि विजेची वाट तुटते. लांब, लवचिक नळ्यांचे जाळे असले तर तुकडे एकमेकांपासून विलग होत नाहीत.

अडचण अशी, की नळ्या सुट्या मिळत नाहीत. शेजारच्या दोन नळ्यांमधले आकर्षण प्रत्येक अणूमागे क्षुल्लक असते, पण पूर्ण लांबीवर बेरीज केली की प्रचंड होते. त्यामुळे त्यांच्या जुड्या बनतात आणि त्या कोणत्याही साध्या द्रावकात विरघळत नाहीत. सोडवण्याचे जुने उपाय दोन. पहिला म्हणजे ध्वनिलहरींनी झोडपणे. त्याने जुड्या सुटतात खऱ्या, पण नळ्या तुटून आखूड होतात आणि लांबीचा फायदाच जातो. दुसरा म्हणजे नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांच्या मिश्रणात उकळणे. त्याने भिंतीवर ऑक्सिजन असलेले कार्बॉक्सिल गट बसतात आणि नळ्या पाण्यात मिसळू लागतात. मात्र जिथे गट बसला तिथल्या कार्बनला जाळीतून वाहणारा आपला इलेक्ट्रॉन त्या बंधात गुंतवावा लागतो. असे गट वाढले की विजेच्या वाटेत खड्डे पडतात, आणि आम्लाचा जोर जास्त झाला तर भिंतीच फुटतात.

जे बॅटरीत घडते, तेच चंबूत

युनिव्हर्सिटी कॉलेजचे क्रिस्तोफर हॉवर्ड आणि नील स्किपर, तसेच इम्पीरियल कॉलेजचे मायलो शॅफर यांच्या गटांनी दुसरी वाट धरली. नळ्यांना ओरबाडून गट बसवण्याऐवजी त्यांना आधी इलेक्ट्रॉन द्यायचे. अमेरिकेत आणि फ्रान्समध्ये २००४-०५ च्या सुमारास यासारखे प्रयोग झाले होते. लंडनच्या गटांनी २०१२ मध्ये मोठ्या प्रमाणावर करता येईल अशी रीत प्रसिद्ध केली.

उणे ३३ अंशांखाली अमोनिया द्रवरूपात असतो. त्यात सोडियम टाकला की तो विरघळून गर्द निळा रंग येतो. धातूपासून सुटलेल्या इलेक्ट्रॉनांचा हा रंग. त्यात कोरड्या नळ्या घातल्या की इलेक्ट्रॉन नळ्यांवर जाऊन बसतात. नंतर अमोनिया काढून घेतला की ऋणभारित नळ्या आणि सोडियमचे धन आयन यांचा एक क्षार उरतो. डायमिथिलफॉर्मामाइडसारख्या द्रावकात हा क्षार नुसता ढवळला तरी विरघळतो. सगळ्या नळ्यांवर सारखाच ऋण भार असल्याने त्या एकमेकींना दूर लोटतात आणि जुडी आपोआप उकलते. झोडपणे नाही, आम्ल नाही.

आता हीच क्रिया बॅटरीच्या भाषेत वाचा. अल्कली धातूने इलेक्ट्रॉन कार्बनला दिला, स्वतः धन आयन झाला आणि कार्बनच्या शेजारी जाऊन बसला. ग्रॅफाइटचा ॲनोड चार्ज होतो म्हणजे अगदी हेच होते. म्हणजे कार्बन ज्या गुणामुळे वीज साठवतो, त्याच गुणाचा उपयोग करून रसायनशास्त्रज्ञ त्याला विरघळवतो. नळ्या, ग्राफीन आणि फुलरीन नावाचे कार्बनचे पोकळ गोल रेणू यांच्या या भारित रसायनाचा मोठा आढावा ॲडम क्लॅन्सी, हॉवर्ड, स्किपर, शॅफर आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये केमिकल रिव्ह्यूजमध्ये घेतला. तो वाचताना विद्युतरसायन आणि सेंद्रिय रसायन यांच्यामधली भिंत पातळ होत जाते.

विरघळलेल्या नळीवरचे जास्तीचे इलेक्ट्रॉन नवा रेणू जोडायलाही उपयोगी पडतात. कार्बनी साखळीला जोडलेले ब्रोमीन किंवा आयोडीन असलेला रेणू द्रावणात घातला, की नळी त्याला इलेक्ट्रॉन देते, ब्रोमीन सुटते आणि उरलेला तुकडा नळीच्या भिंतीला बंधाने चिकटतो. कार्बन डायऑक्साइड सोडला तर कार्बॉक्सिल गट बसतात, तेही भिंत न फोडता. यातली खरी किमया प्रमाणाची आहे. आम्लात उकळताना किती गट बसतील यावर फारसा ताबा राहत नाही. इथे गटांची संख्या नळीला दिलेल्या इलेक्ट्रॉनांच्या संख्येने बांधलेली असते, आणि इलेक्ट्रॉन किती द्यायचे हे सोडियम तोलून ठरवता येते. धातू कमी पडला तर जुड्या सुटत नाहीत. फार झाला तर धन आयनांची गर्दी होऊन नळ्यांवरचा भार झाकला जातो आणि विरघळणे पुन्हा मंदावते.

किती गट बसले हे बघायला हाताशी असलेले साधन आपल्या ओळखीचे आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या परिणामावर आधारलेल्या वर्णपटात कार्बनच्या दोन ठळक रेषा दिसतात. १५८० प्रति सेंटिमीटरच्या आसपासची रेषा शाबूत षट्कोनी जाळीची, १३५० च्या आसपासची मोडतोडीची. दोहोंच्या उंचीचे गुणोत्तर पाहिले की जाळीला किती धक्का लागला ते कळते.

या रीतीचा तोटाही सांगायला हवा. भारित नळ्यांना हवा आणि पाण्याचा अंश लागला की भार उतरतो आणि मेहनत फुकट जाते. म्हणून सगळे काम आर्गॉनने भरलेल्या बंद पेटीत करावे लागते, आणि त्याला खर्च येतो. कारखान्यांत अजूनही नळ्या घोटून, सोबत त्यांना वेगळे ठेवणारे पॉलिमर मिसळून, लगदा करण्याचीच पद्धत जास्त चालते.

नायट्रोजन, गंधक आणि जाहिरातीतले ग्राफीन

कार्बनला जाणूनबुजून धक्का लावण्याचा फायदा सर्वांत ठळक दिसतो तो लिथियम-गंधक बॅटरीत. गंधकाची सैद्धांतिक क्षमता ग्रॅममागे सुमारे १६७५ मिलिअँपिअर-तास, आणि तो तेलशुद्धीकरणात ढिगाने उरतो. पण एकतर तो वीज वाहत नाही, आणि दुसरे म्हणजे अर्धवट क्रियेत बनणारी पॉलिसल्फाइडे द्रवात विरघळून दुसऱ्या टोकाला पळतात आणि गंधक वाया जातो. कॅनडात लिंडा नाझर यांच्या गटाने २००९ मध्ये गंधक सच्छिद्र कार्बनच्या नलिकांत भरून हे पळणे बरेच रोखले. मात्र निव्वळ कार्बन आणि पॉलिसल्फाइड यांची फारशी जवळीक नसते. जाळीत अधूनमधून कार्बनच्या जागी नायट्रोजन बसवला, किंवा कडांवर ऑक्सिजनचे गट ठेवले, तर लिथियमधारी पॉलिसल्फाइडे तिथे धरली जातात. म्हणजे वीज वाहणाऱ्या नळीत जो ऑक्सिजन नकोसा, तोच गंधक धरणाऱ्या पिंजऱ्याच्या कडेला हवासा.

ॲनोडमध्ये मात्र नॅनो म्हणजे उत्तमच असे मानणे महागात पडते. पहिल्या चार्जिंगच्या वेळी बॅटरीतला द्रव कार्बनच्या पृष्ठभागावर विघटित होऊन एक पातळ पापुद्रा तयार होतो. तो आवश्यकही आहे, कारण पुढचे विघटन तोच थांबवतो. पण त्यात अडकलेले लिथियम परत मिळत नाही. ग्रॅफाइटमध्ये हा तोटा थोडका असतो. ग्राफीनचा पृष्ठभाग अफाट, आणि ऑक्साइडातून बनवलेल्या ग्राफीनवर उरलेले गटही भरपूर. त्यामुळे पहिल्याच फेरीत निम्म्याच्या आसपास लिथियम खर्ची पडू शकते. शोधनिबंधातला ग्रॅममागे हजार मिलिअँपिअर-तासांचा आकडा खरा असला, तरी तो देणारा पदार्थ जशाच्या तसा बॅटरीत चालत नाही. बाजारात ग्राफीन बॅटरी म्हणून जे मिळते त्यात ग्राफीन असलेच, तर सहसा वीज किंवा उष्णता वाहणारा चिमूटभर मसाला म्हणून असते.

असे बदल बंद बॅटरीच्या आत टिकतात का, हेही पाहावे लागते. युनिव्हर्सिटी कॉलेजमध्येच पॉल शिअरिंग आणि डॅन ब्रेट यांनी उभारलेल्या विद्युतरसायन प्रयोगशाळेने बॅटरी न फोडता क्ष-किरणांनी तिचे आतले चित्र काढण्यात नाव मिळवले. २०१५ मध्ये त्यांनी फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या सिंक्रोट्रॉनवर, अतितापून फुटणाऱ्या बॅटरीचे अंतरंग अतिवेगवान क्ष-किरण चित्रणाने दाखवले.

पुण्याच्या भट्टीत काय घालायचे

हार्ड कार्बन आता प्रयोगशाळेबाहेर पडला आहे. चीनच्या सीएटीएल कंपनीने जुलै २०२१ मध्ये किलोमागे १६० वॉट-तासांची सोडियम-आयन बॅटरी जाहीर केली. शेफील्डची फॅराडियन ही सोडियम बॅटरीतली ब्रिटिश कंपनी रिलायन्सने दहा कोटी पौंडांचे मूल्य धरून घेतल्याचे डिसेंबर २०२१ च्या अखेरीस जाहीर झाले. पुण्यात केपीआयटी टेक्नॉलॉजीजने डिसेंबर २०२३ मध्ये सोडियम-आयन बॅटरीचे तंत्रज्ञान लोकांपुढे ठेवले. त्यामागे आयसर पुणे येथील सतीशचंद्र ओगले यांच्या गटाचे अनेक वर्षांचे काम आहे. सोडियमच्या बॅटरीत ॲनोडलाही तांब्याऐवजी ॲल्युमिनिअमचा पत्रा चालतो, हा खर्चातला आणखी एक फायदा.

कार्बनचा कच्चा माल कोठून आणायचा, हा प्रश्न मग महाराष्ट्राच्या दारातच येतो. वनस्पतींत ऑक्सिजन भरपूर असतो. उसाचे चिपाड, नारळाची करवंटी, तुसे, काड्या यांचा कोळसा फ्रँकलिन यांच्या वर्गीकरणात जन्मतःच ग्रॅफाइट न होणाऱ्यांत मोडतो. जपानच्या कुरारे कंपनीचा वनस्पतीजन्य हार्ड कार्बन नारळाच्या करवंटीपासून बनतो. करवंटी कोकणात आहे, आणि चिपाड साखर कारखान्यांच्या आवारात डोंगराएवढे असते, जरी त्यातले बहुतेक आज बॉयलरमध्ये जाते.

पण चिपाड नुसते जाळले म्हणजे बॅटरीचा कार्बन झाला, असे होत नाही. त्यातली सिलिका, पोटॅशियम आणि इतर क्षार आम्लाने धुऊन काढावे लागतात, नाहीतर ते बॅटरीत उपद्रव करतात. मग बाराशे ते चौदाशे अंशांपर्यंत तापवावे लागते. तापमान कमी पडले तर पृष्ठभागावर ऑक्सिजनचे गट आणि उघडी छिद्रे उरतात आणि पहिल्या फेरीत सोडियम वाया जातो. फार वाढले तर थर जवळ येतात आणि जागा आटते. हाती येणारा कार्बन चिपाडाच्या वजनाचा लहानसा हिस्सा असतो, आणि दर हंगामाचा, दर शेताचा माल थोडा निराळा. सगळ्यातून सारखाच कार्बन मिळवणे हे यातले अवघड काम आहे.

म्हणून अशा एखाद्या प्रकल्पाची बातमी आली, की भट्टीचा आकार आणि गुंतवणुकीचा आकडा बाजूला ठेवून तीन गोष्टी विचाराव्यात. भट्टीत घालण्याआधी मालावर कोणती प्रक्रिया केली? पहिल्या फेरीत किती सोडियम परत मिळाला? आणि काही हजार फेऱ्यांनंतर काय उरले? पहिल्या प्रश्नाला नीट उत्तर असेल, तर उरलेल्या दोहोंची उत्तरे बहुतेक वेळा चांगली निघतात. कारण ऑक्सिजन कुठे ठेवायचा आणि कुठून काढायचा हे एकदा भट्टी तापली की ठरवता येत नाही.